चाळीस डॉलरची सूचना

रोझमाँ, मॉन्ट्रियल
६ जानेवारी

प्रिय युगेत मावशी,

तू विणलेले हातमोजे मी घरात घालते. बाहेर घालायला दुसरे आहेत, पण घरात जास्त गरज आहे. आमच्या कंपनीनं (म्हणजे घरमालक कंपनीनं, चेहरा असलेला मालक आता इथे कुणालाच नाही) भिंतीवर एक हुशार थर्मोस्टॅट बसवलाय. तो राहणाऱ्याच्या सवयी शिकतो म्हणे. माझ्या आधी इथे रात्रपाळीची नर्स राहायची. तिच्या सवयी तो इतक्या मनापासून शिकलाय की मी संध्याकाळी घरी आले की हीटर बंद करतो, आणि सकाळी मी कामाला निघाले की खोली छान उबदार करून ठेवतो.

एवढ्या सुखाबद्दल कंपनीला जुलैपासून महिना ऐंशी डॉलर जास्त हवेत. तेराशे नव्वदचे चौदाशे सत्तर. जागेला ते ‘साडेतीन खोल्या’ म्हणतात. त्यातली अर्धी म्हणजे बाथरूम हे मला समजतं. उरलेल्या तीन कुठे आहेत ते अजून शोधतेय.

आणि तू काय करतेस? वरच्या मजल्यावरच्या साडेचार खोल्या, खिडकीतून नदी, तू राखलेलं स्वच्छ घर, आणि तुझ्या भाडेकरूकडून, पिनोंकडून, महिना चारशे पासष्ट घेतेस. बावीस वर्षांत एक डॉलर वाढवला नाहीस. मावशी, एवढ्यात इथे फक्त गाडी उभी करायला जागा मिळते, तीसुद्धा उघड्यावर. थोडं तरी वाढव. छपराचं काम निघालंय असं तूच नाताळात म्हणालीस.

मी बसवून दिलेली दारावरची घंटी चालते ना?

तुझी,
नोएमी


रिमुस्की
१४ जानेवारी

नोएमी,

तुझ्या पाकिटावरचं तिकीट तिरकं होतं. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले, तिरकं तिकीट लावणारी माणसं मी चेहऱ्यावरून ओळखायची. तू त्यातली नव्हतीस.

आधी तुझं बघू. वाढीची सूचना हातात पडली त्या दिवसापासून तुला एक महिना आहे. त्यात उत्तर दिलं नाहीस तर वाढ मान्य केलीस असाच अर्थ होतो. या प्रांतात गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं. आर्मां काकांशी माझं लग्न असंच ठरलं, म्हणून सांगते. तेव्हा उत्तर दे, कागदावर दे, आणि रजिस्टर्डनं पाठव. फोनवर बोटं आपटून नाही.

घंटी चालते. दाबली की पाखराचा गळा धरल्यासारखी ओरडते. पण इथली माणसं दार वाजवतात, आणि पिनो तर तेही करत नाहीत. ते सकाळी आधी माझ्या वाटेवरचा बर्फ उपसतात, मग स्वतःच्या जिन्यावरचा. मी गुरुवारी वाटाण्याचं सूप करते आणि त्यांचं भांडं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवते. शुक्रवारी ते धुऊन पुसून परत येतं. बावीस वर्षं आमचं हे असंच चालू आहे. फेरीबोटीवर मेकॅनिक होता माणूस, इंजिनाशी बोलायची सवय, माणसांशी कमी.

छपरावाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसले, आणि खुर्चीत बसून ऐकला तरी तो तेवढाच होता. तेव्हा तुझं म्हणणं मला पटतंय. चाळीस डॉलर वाढवते. एकेचाळीससुद्धा नाही. आणि एक गोष्ट आत्ताच लिहून ठेव: पिनो जाता कामा नयेत. पलीकडच्या लव्हाकबाईंनी जुना भाडेकरू घालवून नवा आणला, तो ड्रम वाजवतो. डोक्यावर चालणारी पावलं ओळखीची लागतात मला.

मी भाडं कधी वाढवलेलंच नाही, तर कसं वाढवतात ते कळव.

तुझी मावशी


मॉन्ट्रियल
२३ जानेवारी

प्रिय मावशी,

सोबत सरकारी नमुना छापून पाठवलाय. अगदी सोपा आहे. नाव, पत्ता, आकडा, सही. शेवटी भाडेकरूसाठी तीन चौकोन आहेत: वाढ मान्य; वाढ अमान्य, पण जागेत राहणार; जागा सोडणार. त्यांनी एकावर खूण करून परत द्यायचं. एक प्रत तुझ्याकडे ठेव. वर जाऊन हातात दिलंस तरी चालेल, पावती म्हणून सही घे.

मी माझा दुसरा चौकोन भरून कंपनीला पाठवला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "ई-मेल का नाही करत?" मी म्हटलं, "मावशी आहे." त्या म्हणाल्या, "बरं, मग रजिस्टर्डच करा."

थर्मोस्टॅटबद्दल कंपनीला फोन केला. यंत्रानं फोन उचलला. त्याला म्हटलं, "मी दिवसा काम करते, रात्री घरी असते." ते म्हणालं, "आपण ‘घर विकत घेणे’ असं म्हणालात का?"

पिनोंची काळजी करू नकोस.

नोएमी


रिमुस्की
६ फेब्रुवारी

नोएमी,

काम झालं. तुझा नमुना कुणीतरी मुंग्यांसाठी छापलाय. आकड्याच्या भागात पहिल्या ओळीतली रिकामी जागा जरा ऐसपैस होती, तिथे ठळक अक्षरात चाळीस घातला. खालच्या ओळीत माझं अक्षर मावलंच नसतं. कार्बन लावून प्रत काढली. एकतीस वर्षांत माझ्या हातचा एकही फॉर्म चूक म्हणून परत आलेला नाही.

हातात देणं मला प्रशस्त वाटलं नाही. माणूस समोर उभा असताना पैसे वाढवून कसे मागायचे? रजिस्टर्डनं पाठवलं. मंगळवारी टाकलं. इथलं टपाल आता आधी क्वेबेक शहरात छाननीला जातं आणि मग परत येतं. सोमवारी पोचलं. सहाशे किलोमीटर आणि चौदा पायऱ्या. टपालवाली वर गेली तेव्हा मी खाली पडद्याआड होते. पिनोंनी सही केली, दार लावलं. नंतर बराच वेळ वर काही हललं नाही.

त्यांनी शरद ऋतूत गाडी विकली हे तुला सांगितलं होतं का? आता बाजाराला चालत जातात. मी काही विचारलं नाही, पण चाळीस जास्त तर झाले नाहीत ना?

मावशी


मॉन्ट्रियल
१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

चाळीस डॉलर! इथे लोक हे वाचून रडतील, आनंदानं. पिनो नाही म्हणणार नाहीत. बघ तू, आभारच मानतील.

घाईत,
नोएमी


रिमुस्की
२४ फेब्रुवारी

नोएमी,

पिनोंनी नकार दिला.

त्यांनीही रजिस्टर्डनं पाठवलं. दुसरा चौकोन, तुझ्यासारखाच. वाढ अमान्य, जागेत राहणार. खूण इतकी दाबून केली आहे की कागद फाटलाय. खाली एक ओळ: ‘रोझेर पिनो आपलं भाडं स्वतः भरतो.’ मी कधी म्हटलं ते दुसरं कुणी भरतं म्हणून?

गुरुवारचं सूप तिसऱ्या पायरीवर तसंच राहिलं. शुक्रवारी गोठलं. शनिवारी मी ते भांडं आत आणलं आणि विस्तवावर ठेवून स्वतः खाल्लं, आणि मला ते मुळीच चांगलं लागलं नाही. बर्फ मात्र उपसलेला असतो. आधी माझी वाट, मग त्यांचा जिना. मला दिसू नये म्हणून आता पहाटेच करतात.

चाळीस डॉलर, नोएमी. बावीस वर्षं मी छप्पर सांभाळलं, नळ सांभाळले, नाताळात मांस भरलेली पाई पाठवली. ते चाळीस डॉलरला नाही म्हणतात. रागावले असते तर मला समजलं असतं. हे अपमान झाल्यासारखं वागणं मला समजत नाही. अपमान कुणाचा झालाय?

मावशी


मॉन्ट्रियल
३ मार्च

प्रिय मावशी,

आता तुला एक सांगते. रागावू नकोस. निदान पूर्ण वाचून मग रागाव.

तुझ्या दारावरच्या घंटीला एक बारीक डोळा आहे. कुणी जवळ आलं की ती टिपून घेते आणि माझ्या फोनवर पाठवते. नाताळात बसवताना मी ती माझ्या फोनला जोडली, मग तुझ्या फोनला जोडायची होती, आणि मग लक्षात आलं की तुझा फोन भिंतीवर टांगलेला आहे.

तर. पिनो गेल्या पंधरवड्यात चार वेळा तुझ्या दाराशी आले. प्रत्येक वेळी टोपी काढली. प्रत्येक वेळी हात वर केला आणि दार न वाजवता परत गेले. तिसऱ्यांदा ते काहीतरी बोलले. मी आवाज वाढवून पाच वेळा ऐकलं. ते म्हणाले, "चाळीस डॉलर. भिकारी करून टाकलं मला या बाईनं."

मावशी, हा चिक्कू माणूस आहे. चाळीस डॉलरनं कुणी भिकारी होत नाही. तुला वाटाण्याचं सूप करायला लावून बावीस वर्षं चारशे पासष्टात राहिलाय, आणि आता दारात येऊन नाटकातल्यासारखा पुटपुटतोय. तू भाडे न्यायाधिकरणाकडे अर्ज कर. नकार आल्यापासून महिन्याच्या आत करावा लागतो. सगळ्या कागदांच्या प्रती मला पाठव, मी अर्ज लिहून देते.

नोएमी


रिमुस्की
११ मार्च

नोएमी,

पूर्ण वाचलं आणि मग रागावले.

म्हणजे डिसेंबरपासून मी सकाळी गाऊनमध्ये पेपर घ्यायला बाहेर येते ते तू मॉन्ट्रियलमध्ये बसून बघतेस? पोस्टात दुसऱ्याचं पाकीट उजेडासमोर धरून बघितलं तरी नोकरी जायची. तू तर माणूसच उजेडासमोर धरलास. घंटीवर मी लोकरीची टोपी चढवली आहे. ती काढायला तू आलीस तर स्वतःच्या पायांनी ये.

न्यायाधिकरण वगैरे काही नाही. ज्या माणसानं माझ्या दारापुढचा बर्फ उपसलाय त्याला मी कोर्टात उभं करणार नाही. तरी तू मागितलेस म्हणून कागद पाठवतेय, माझ्याकडून कामात कसूर नको.

आता खरी बातमी. पिनो जाताहेत. जागा ठेवायचा हक्क त्यांना आहे, तो त्यांना माहीतही आहे. तरी परवा चिठ्ठी आली: ‘जूनअखेर मला मोकळं करावं ही विनंती. मों-जोलीला बहिणीकडे खोली आहे.’ त्या बहिणीबद्दल ते एकदाच बोलले होते, आणि ते चांगलं नव्हतं.

मी दोन दिवस विचार केला. ओळखीची पावलं जाणारच असतील तर निदान माझ्या माणसाची यावीत. तू ये. कामाला तुला संगणकच लागतो ना, तो इथेही चालेल. साडेचार खोल्या, चारशे पासष्ट. तुझ्याकडून मी चाळीसही वाढवणार नाही. नदी फुकट.

मावशी


मॉन्ट्रियल
१८ मार्च

प्रिय मावशी,

पत्र वाचून मी बर्फावरून नाचत कामावर गेले. हो. येते. चारशे पासष्ट! इथे मी त्यात जेमतेम दहा दिवस राहते. आणि तुमच्याकडचे हीटर साधे, फिरवायच्या बटणाचे आहेत, त्यांना काही शिकता येत नाही हेच मला फार आवडतं.

जागा सोडत असल्याचं कंपनीला महिनाअखेर कळवीन. पडदे नकोत, मी आणेन.

कागद मिळाले. नीट ठेवले आहेत.

पिनोंचं वाईट वाटतं, पण त्यांनी आपणहून ठरवलंय ना. बहिणीचं घर म्हणजे शेवटी घरचंच.

तुझी,
नोएमी


रिमुस्की
२ एप्रिल

नोएमी,

वर खोक्यांचा आवाज सुरू झालाय. जूनअखेर जायचंय आणि हा माणूस मार्चपासून बांधाबांध करतो. मी पडदे शिवायला घेतले आहेत. तू नको म्हणालीस, पण मला हाताला काम हवं होतं.

रविवारी पिनो जिन्याच्या कठड्याला रंग देत होते. जाणारा माणूस कठडा रंगवतो, असं मी ऐकलेलं नाही. मी खिडकी उघडून म्हटलं, "राहू द्या हो, कशाला?" ते म्हणाले, "गंज चढलाय. नवीन माणसाच्या हाताला लागेल." मी म्हटलं, "नवीन माणूस म्हणजे माझी भाची आहे." त्यांनी ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाले, "मग दुसरा हात देतो."

काल त्यांनी तुझ्यासाठी कागद लिहून ठेवला तिसऱ्या पायरीवर. मी वाचलेला नाही, पाकीट उघडं होतं तरी. तसाच पाठवतेय.

थंडी जाईल आता. गुरुवारचं सूप मी निम्मंच करते.

मावशी

(सोबतचा कागद)

नवीन भाडेकरूस,
स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो, बिघडलेला नाही. उत्तरेच्या खिडकीतून वारा येतो, फटीत घालायची पट्टी कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे. न्हाणीत जास्त पाणी सांडू नका, खाली बाईंचं बिछान्याचं कपाट आहे. बाई सकाळी सहाला उठतात, त्याआधी जोडे घालून चालू नये. फेब्रुवारीत त्यांचा गुडघा दुखतो, त्या सांगत नाहीत. बर्फ आधी त्यांच्या वाटेवरचा काढावा. फावडं जिन्याखाली आहे, चांगलं आहे, मी नेत नाही.
रो. पिनो


मॉन्ट्रियल
९ एप्रिल

प्रिय मावशी,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. बसून वाच.

तू पाठवलेली कार्बनची प्रत मी १५ मार्चला उघडली. अर्ज लिहायचा नव्हताच, तरी बघितली. आकड्याच्या भागात दोन ओळी आहेत. खालची, बारीक जागेची, अशी आहे: ‘तुमच्या भाड्यात ___ डॉलरची वाढ होईल.’ आणि वरची, ऐसपैस, जिच्यात तू ठळक अक्षरात चाळीस लिहिलेस, ती अशी आहे: ‘तुमचं नवीन भाडं ___ डॉलर होईल.’

पिनोंच्या हातात पडलेल्या कागदावर असं लिहिलं आहे की एक जुलैपासून तुमचं भाडं महिना चाळीस डॉलर.

त्यांनी वाढ नाकारली नाही, मावशी. त्यांनी नुकतीच गाडी विकली होती. ते बाजाराला चालत जाताना तू खिडकीतून बघतेस हे त्यांना माहीत असणार. त्यांना वाटलं, बाईंना दया आली. ‘भिकारी करून टाकलं’ म्हणाले ते त्याबद्दल. मी त्यांना चिक्कू म्हटलं. गप्प बसले असते तर कायद्यानं त्यांना चाळीस डॉलरात नदी दिसणारी साडेचार खोल्यांची जागा मिळाली असती. त्यांनी खूण इतकी दाबून केली की कागद फाटला.

आणि आता माझं. हे मला १५ मार्चला कळलं, आणि १८ मार्चला मी तुला लिहिलं, ‘कागद नीट ठेवले आहेत.’ तुझं जागेचं पत्र त्याच पाकिटात होतं. मी स्वतःला सांगितलं की आता काय उपयोग, ते तर जायचं ठरवून बसलेत. मग सांगितलं, कदाचित त्यांना बहिणीकडे बरं वाटेल. मग आणखी काय काय सांगितलं. पंचवीस दिवस. सारखा चारशे पासष्टचा आकडा डोळ्यांपुढे होता, आणि इथे हा थर्मोस्टॅट.

मग पिनोंचा कागद आला. माझ्यासाठी त्यांनी जिन्याच्या कठड्याला रंगाचा दुसरा हात दिलाय.

मी येत नाही. कंपनीला काही कळवलेलं नव्हतं, त्यामुळे इथली जागा आहे. तू वर जाऊन त्यांना सांग.

नोएमी


रिमुस्की
१५ एप्रिल

नोएमी,

पत्र मिळालं. तिकीट सरळ होतं. सध्या एवढंच.

यु. लपाज


रिमुस्की
४ मे

नोएमी,

आता सगळं लिहिते.

तुझं पत्र वाचून मी आधी कार्बनची दुसरी प्रत काढली. तीन काढल्या होत्या, अर्थातच. चष्मा लावून बघितलं, भिंगानं बघितलं. एकतीस वर्षांत लोकांनी चुकीच्या ओळीत लिहिलेले किती फॉर्म मी खिडकीतून परत सरकवले असतील, आणि वर म्हणायची, "वाचायला वेळ नव्हता का?" ती सगळी माणसं त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

पिनो राहायला आल्यापासून मी वर कधीच गेलेले नव्हते. भाडेकरूच्या घरात जायचं तर मालकानं चोवीस तास आधी कळवावं, असा नियम आहे. तेव्हा कळवलं. ‘उद्या दुपारी दोन वाजता भेट देण्यात येईल. कारण: मालकाची चूक.’ या वेळी पोस्टानं नाही पाठवलं, दाराखालून सरकवलं. चौदा पायऱ्या चढले आणि उतरले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले. पिनोंनी कोट घातला होता. घरात, मे महिन्याच्या तोंडावर, कोट.

सगळीकडे खोकी. बसायला दोन खुर्च्या त्यांनी मोकळ्या करून ठेवल्या होत्या. मी बसले नाही. कागद पुढे धरला आणि म्हटलं, "मला चाळीस वाढवायचे होते. चुकीच्या ओळीत लिहिलं."

त्यांनी कागद घेतला, खिडकीशी नेला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "आपण? पोस्टातल्या?"

"मी. पोस्टातली."

"म्हणजे माझ्यावर दया नव्हती?"

"अहो पिनो," मी म्हटलं, "एकतीस वर्षांत मी कुणाला एक तिकीट फुकट दिलं नाही. आपल्याला काय घर देणार होते?"

ते बसले. मग मीही बसले. बराच वेळ ते हसत होते हे मला आधी कळलंच नाही, कारण त्यांना हसताना आवाज येत नाही, फक्त कोट हलतो. मग म्हणाले, "मी चार वेळा दाराशी आलो होतो. इतकी मदत मी घेऊ शकत नाही, हे नीट कसं सांगावं ते सुचेना." मी म्हटलं, "माहीत आहे." ते म्हणाले, "कसं काय?" मी म्हटलं, "घंटी." तुझं नाव घेतलं नाही. पण नंतर खाली उतरल्यावर त्यांनी लोकरीची टोपी चढवलेली ती घंटी नीट न्याहाळली, आणि ते मेकॅनिक आहेत.

पुढचा एक तास भाड्यावर भांडण. ते म्हणाले, चाळीस फार कमी आहेत, साठ वाढवा, छप्पर त्यांनी आतून पाहिलंय आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. मी म्हटलं, चाळीस. ते म्हणाले, "पंचावन्न, नाही तर मी मों-जोलीला जातो." मी म्हटलं, "बहिणीकडे?" ते पंचावन्नवरून खाली आले. मग पन्नासवर ठरलं. मी सही केली, त्यांनी केली, आणि या वेळी प्रत्येक ओळ दोघांनी मोठ्यानं वाचली.

गुडघ्याचं त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही. तुझ्याकडे आलेला कागद मी वाचलेला नव्हता, पण तुझं पत्र आल्यावर त्यांना विचारून त्याची नक्कल मागितली. त्यांनी ती अगदी हळू, चांगल्या अक्षरात लिहून दिली. ती माझ्याकडे आहे.

आता तुझं. तू पंचवीस दिवस गप्प होतीस. मला त्याचा राग आला, अजून थोडा आहे, आणि तो कमी होतोय हे तुला कळवायची मला घाई नाही. पण काल खोकी उघडायला मी पुन्हा वर गेले होते, आणि त्यांच्या खिडकीत उभी राहून माझ्या लक्षात आलं की बावीस वर्षं मी या माणसाचं भाडं वाढवलं नाही, त्याचं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यालाही नाही. तेव्हा गप्प बसण्याबद्दल तुला फार बोलायचा मला अधिकार नाही.

थर्मोस्टॅटचं पिनोंना सांगितलं. ते म्हणतात, पुढचं झाकण काढलं की आत दोन तारा असतात. पुढचं मी लिहीत नाही, कारण कंपनीचा माणूस तुझी पत्रं वाचत असेल तर.

जुलैत सुट्टी घेऊन ये. पडदे तयार आहेत, ते मी तुझ्या तिकडच्या खिडकीच्या मापानं उसवून पुन्हा शिवते. झोपायला मात्र बैठकीतला सोफा मिळेल. वरची जागा भरलेली आहे.

तुझी मावशी